टिकी : मागायची लाज नसलेल्या देशातलं ॲप

नेदरलँड्सला राहायला येणाऱ्या माणसाला सगळे सांगतात: सायकल घे, चांगला रेनकोट घे, बीएसएन नंबर, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, आधी काढ. टिकी डाउनलोड कर असं मात्र कोणी सांगत नाही, कारण सांगावंच लागत नाही. तुम्ही जरा रुळलात, कोणाबरोबर दोन घोट कॉफी प्यायलात, की लिंक आपोआप येते.

तर टिकी म्हणजे काय? आपण कोणासाठी खर्च केलेले पैसे त्याच्याकडून परत मागायचं ॲप. एबीएन आम्रो या डच बँकेने ते २०१६ साली काढलं, पण तुमचं खातं त्याच बँकेत हवं असं नाही. रक्कम टाकायची, कशाचे पैसे ते दोन शब्दांत लिहायचं, लिंक तयार होते, ती व्हॉट्सॲपवर ढकलायची. समोरचा लिंक उघडतो, आपली बँक निवडतो, आयडीअल या ऑनलाइन पैसे भरायच्या डच सोयीमार्फत त्याच्या बँकेचं ॲप उघडतं, मंजुरी दिली की पैसे गेले. कोणी दिले हे आपल्याला नावानिशी दिसतं. घरगुती वापराला फुकट. ॲप म्हणून सांगण्यासारखं एवढंच. चालतं, अडकत नाही, शिकायला काही नाही. बाकीचा सगळा मजकूर ॲपच्या बाहेरचा आहे आणि परीक्षण लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

आपलं यूपीआयसुद्धा २०१६चंच. म्हणजे एकाच वर्षी दोन देशांत फोनवरून पैसे हलवायची सोय झाली. आपल्याकडे तिची ओळख झाली ती पैसे द्यायचं साधन म्हणून. इथे टिकीची ओळख झाली ती पैसे मागायचं साधन म्हणून. यूपीआयमध्ये माणसाने माणसाकडे पैसे मागायची सोय नव्हती असं नाही, होती की, ‘कलेक्ट रिक्वेस्ट’. पण ती मित्रांपेक्षा भामट्यांच्याच जास्त कामी आली, आणि शेवटी १ ऑक्टोबर २०२५पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंदच केली. मित्राकडे आपले पैसे मागायचे झाले तर आपण आधी हवापाण्याचं बोलतो, मग ‘अरे ते परवाचं’ म्हणतो, आणि वर ‘घाई नाही हं’ अशी पुस्ती जोडतो. घाई असते.

मी उट्रेख्त शहरात राहते आणि एका कंपनीच्या पगार विभागात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे हिशोब, त्यामुळे हिशोबाचं मला वावडं नाही. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ‘बोरल’ असतो, म्हणजे गप्पा, पेयं आणि तळलेलं काहीबाही. आमचा आउडेखराख्त कालव्याच्या काठी, पाण्याच्या पातळीवरच्या त्या जुन्या तळघरांसमोर टेबलं मांडलेली असतात तिथे. बिल एकत्र येतं. एक जण कार्ड टेकवतो, कोणी ‘अरे राहू दे’ म्हणत नाही, कोणी खिशाकडे हात नेल्याचा अभिनयही करत नाही. मी सायकलचं कुलूप काढेपर्यंत फोन वाजलेला असतो.

आता हे जवळून पाहण्यासारखं आहे. एका बोरलला बाकीच्यांना आठ युरो आणि काही सेंटची लिंक गेली आणि मला चार युरो वीस सेंटची वेगळी. का, तर बिटरबालनमध्ये, म्हणजे त्या तळलेल्या गोळ्यांत, गोमांस असतं, मी ते खाल्ले नव्हते, आणि बिअरऐवजी पुदिन्याचा चहा घेतला होता. ज्याने पैसे भरले त्या सहकाऱ्याने कोणाशी काही न बोलता माझा वाटा वेगळा काढला होता. खाली लिहिलं होतं, ‘चहा + चीज’. ज्या शाकाहारी माणसाने आयुष्यभर ‘बिल समान वाटून घेऊ’ या वाक्यापुढे मान तुकवून दुसऱ्यांच्या तंदुरीचे आणि दारूचे पैसे भरलेत, त्याला या दोन शब्दांची किंमत कळेल. आपल्याकडे ‘मी तर फक्त पनीर खाल्लं’ हे तोंडातून काढायची सोय नसते. काढलं की माणूस कंजूष ठरतो, आणि ज्याने तीन पेग घेतले तो दिलदार.

तेव्हा डच माणूस चिक्कू असतो हे जे आपल्या लोकांत घोकलं जातं, ते मला पटत नाही. चिक्कू माणूस स्वतःचा फायदा बघतो. इथे लोक दुसऱ्यावर जास्त पडू नये हेही बघतात. कमी आलेली टिकी दाखवून ‘अगं, माझा केक धरायचा राहिला’ असं स्वतःहून सांगणारे मी पाहिलेत.

याच्या उलट दृश्य आमच्या मराठी कट्ट्याचं. आम्ही दहा-बारा घरं कधीमधी बाहेर जेवायला जातो. बिल आलं की जे होतं ते तुम्हाला सांगायला नको. वेट्रेस कार्डाचं मशीन घेऊन उभी, तिच्यापुढे तीन हात तीन कार्डं घेऊन, आणि चौथ्याने तिसऱ्याचं मनगट धरलेलं. ‘मागच्या वेळी तू दिलेस.’ ‘अरे ते पार्किंगचे होते.’ ‘वहिनी, तुम्ही सांगा याला.’ त्या मुलीला वाटलं खरंच भांडण लागलंय. ती दोन पावलं मागे सरकली. तेवढ्यात मघाशी हात धुवायला म्हणून उठलेले आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका मिशीत हसत परत आले. ते काउंटरवर बिल भरून आले होते.

आता यात काका दिलदार आहेत यात वाद नाही. पण त्या रात्री घरी जाताना प्रत्येक गाडीत हिशोब चाललेला होता. काकांना आता घरी बोलवायला हवं. नुसतं बोलावून भागणार नाही, नीट करायला हवं. गेल्या वेळी त्यांच्याकडे पुरणपोळी होती. म्हणजे आपल्याकडेही टिकी असते. फक्त तिच्यावर रक्कम लिहिलेली नसते आणि ती फेडल्याची खूण कधी येत नाही.

हे मला पूर्वी इतकं स्वच्छ दिसत नव्हतं. ते दिसलं आमच्या शेजारणीमुळे. बाई सत्तरीच्या घरातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. एका हिवाळ्यात बर्फावरून सायकल घसरून माझं मनगट मोडलं. नवरा कामासाठी परदेशी. बाईंनी मला आपल्या गाडीतून रुग्णालयात नेलं, प्लास्टर होईपर्यंत बाहेर बसून राहिल्या, घरी आणून सोडलं. पुढचा आठवडाभर माझ्या मुलाला सकाळी स्वतःबरोबर सायकलवरून शाळेत पोचवलं. एका संध्याकाळी वाटाण्याच्या दाट सुपाचं पातेलं दारात ठेवून गेल्या, आणि ते माझ्यासाठी मुद्दाम बिनमांसाचं केलेलं, जे एर्टन्सूपच्या बाबतीत इथे जवळजवळ पाखंड आहे. आणि रुग्णालयाच्या दुसऱ्या दिवशी त्यांची टिकी आली. ‘पार्किंग, ४ युरो ५० सेंट.’ पुढे एक हसरा चेहरा.

आईला फोनवर सांगितलं तर तिने आधी रुपयांत हिशोब केला आणि मग म्हणाली, ‘एवढं सगळं केलंन आणि चारशे रुपड्यांसाठी हात पसरला?’ नवऱ्याचंही तेच म्हणणं. मी पैसे भरले आणि त्यावर बराच विचार केला, कारण प्लास्टरमध्ये हात असताना दुसरं काही करता येत नाही.

बाईंनी आपला अख्खा दिवस मोजला नाही. सूप मोजलं नाही. थंडीत मुलाला शाळेत नेलं ते मोजलं नाही. पेट्रोलसुद्धा मोजलं नाही. मोजलं ते फक्त यंत्रात टाकलेलं नाणं. म्हणजे वेळ, कष्ट, काळजी हे द्यायचं, त्याची टिकी नसते. खिशातून तिसऱ्याला गेलेले पैसे मात्र ज्याचे त्याला. आपली विभागणी नेमकी उलटी आहे. आपण पैशांचं नाव काढत नाही. तेच पैसे आपल्याकडच्या शेजारणीने भरले असते तर ‘काही नाही हो, राहू दे’ म्हणून विषय संपला असता, आणि मग मी दिवाळीला फराळाबरोबर त्यांना काय द्यावं या विवंचनेत पडले असते.

आणि याचा परिणाम काय होतो ते पाहा. पंधरा दिवसांनी पुन्हा प्लास्टर दाखवायला जायचं होतं, तेव्हा मी बाईंना सरळ विचारू शकले, ‘येता का?’ माझ्या डोक्यावर काही ओझं नव्हतं. साडेचार युरो गेले होते, खातं साफ होतं. आमच्या कट्ट्यातल्या कोणाला मी दुसऱ्यांदा विचारलं नसतं. एकदा केलंय त्यांनी, आता पुन्हा कसं सांगायचं, असं म्हणून टॅक्सी केली असती. उपकार जितका मोठा, तितका पुन्हा हाक मारायला संकोच जास्त, ही आपली रीत आहे.

सूप संपल्यावर मी पातेलं रिकामं कसं परत करणार? आत शिऱ्याची वाटी आणि चमचा ठेवून दिला. बाईंनी दारातच झाकण उघडलं, वास घेतला, खूश झाल्या, आणि मनापासून विचारलं, ‘पण कशाबद्दल?’ मी म्हटलं, पातेल्याबद्दल. चार दिवसांनी माझा शिऱ्याचा चमचा आणि वाटी चकचकीत धुऊन परत आली. आत काहीही नाही. एक छापील कार्ड, ‘खूप चवदार होतं, धन्यवाद’. हिशोब बंद. आपल्या आळीत तीच वाटी वर्षभर कधी साखर, कधी लिंबू, कधी बेसनाचा लाडू घेऊन दोन घरांत फिरत राहिली असती.

आपण हिशोब ठेवत नाही ही थाप आहे. आईकडे आहेराची वही आहे, लांबट, लाल कापडी पाठीची. कोणाच्या लग्नात, मुंजीत, बारशाला कोणी काय दिलं याची तारीखवार नोंद. ‘स्टीलचा डबा’, ‘रोख ५१’, ‘खणाचं कापड (हलकं)’. तो कंसातला शेरा तिचाच. कोणाकडे लग्न निघालं की वही निघते, पान सापडतं, आणि २०१ देणाऱ्याला २५१ जातात. २०१ नाही. नेमके तेवढेच परत करणं म्हणजे संबंध मिटवणं, हे न सांगता सगळ्यांना माहीत असतं. थोडे जास्त द्यायचे, म्हणजे काटा त्यांच्या बाजूला झुकतो, पुढच्या वेळी ते थोडे जास्त देतात, आणि खातं दोन पिढ्या चालू राहतं. आपली माणसं एकमेकांना बांधलेली राहतात ती या न फिटलेल्या पन्नास रुपयांनी. टिकी हा धागा सेंटपर्यंत मोजून कापते.

म्हणून तिची किंमतही आहे, आणि परीक्षणात ती सांगायला हवी. ज्या दोन माणसांत काहीच येणं-देणं उरलं नाही, त्यांना पुन्हा भेटायला कारण लागतं. ‘पुढच्या वेळी माझ्याकडून’ हे वाक्य आपल्याकडे पुढच्या भेटीचं निमंत्रण असतं. इथे ते वाक्यच नाही, म्हणून भेट डायरीत लिहावी लागते. गळाभेट घेऊन निरोप देताना मैत्रीण फोन काढते आणि म्हणते, ‘पाच आठवड्यांनी गुरुवारी, साडेसातला?’ (साडेसात म्हणजे जेवून यायचं. इथे घरोघरी सहाच्या सुमाराला जेवतात, साडेसातनंतरचं बोलावणं कॉफीचं असतं आणि कॉफीबरोबर बिस्किट. भुकेलं जाऊ नये.) मी त्या तारखा पाळते, त्या भेटी छान होतात. पण मधल्या पाच आठवड्यांत कोणी ‘इकडून चालले होते म्हणून डोकावले’ असं म्हणत दार वाजवत नाही, आणि मलाही वाजवायचं धाडस होत नाही.

पण यावरून इथे कोणी कोणाला खाऊ घालत नाही असं समजाल तर फसाल. वाढदिवसाला उलटा कायदा आहे. ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणायचा. ऑफिसात पहाटेच्या अंधारात दोन मोठाल्या ॲपल पायचे खोके सायकलच्या टोपलीत घालून आलेला उत्सवमूर्ती आपण पाहतो, आणि त्याची टिकी जन्मात येत नाही. घरच्या वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. आत शिरलं की गोलभर फिरून प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, उत्सवमूर्तीच्या नवऱ्याचं, आईचं, मेहुण्याचंही. आधी कॉफी आणि केकचा एक तुकडा, मग चीजचे चौकोनी तुकडे आणि बिअर. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात राहावेत म्हणून वार नसलेली, वर्षानुवर्षं चालणारी एक दिनदर्शिका भिंतीला टांगतात, तीही संडासात, जिथे रोज नजर जाईलच. मूल झालं की बडीशेपेच्या गुलाबी किंवा निळ्या गोळ्या लावलेले टोस्ट सगळ्यांना. अंत्यविधीनंतरसुद्धा कॉफी आणि केक. म्हणजे प्रसंग माझा असेल तर खर्च माझा. प्रसंग कोणाचाच नसेल, नुसतंच भेटायचं असेल, तर ज्याचं त्याने. एवढं एक ध्यानात ठेवलं की टिकी कधी येणार आणि कधी नाही याचा अंदाज येतो.

‘चला जेवायला जाऊ’ म्हटलं म्हणजे तो जेवू घालतोय असं नाही. ‘मी ट्रीट देतोय’ असं स्पष्ट सांगितलं तरच. हे नवीन आलेल्या आपल्या पोरांना आधी सांगावं, कारण सीनिअरने बोलावलं म्हणून ती महागडं मागवतात आणि रात्री लिंक आली की दिवसभर कोमेजून बसतात.

भरायचं कधी? त्याच दिवशी. लिंकला मुदत असते, पण मुदतीपर्यंत थांबणं म्हणजे उद्धटपणा. आणि ‘टिकी पाठव गं’ असं स्वतः म्हणणं हे इथलं सौजन्य आहे, ते जरूर शिकावं. समोरचीला मागावं लागत नाही आणि आपल्याला फुकटं राहावं लागत नाही.

आमच्या मराठी मंडळींनी आता या दोन पद्धतींचा संकर केलाय, तो मजेशीर आहे. गणपतीच्या हॉलचं भाडं, सहलीची बस, कोणाच्या निरोपाची भेटवस्तू, हे सगळं टिकीवर. कोणाला काही वाटत नाही, उलट वर्गणीसाठी दारोदार जायची कटकट गेली. पण जेवणाला हात लावायचा नाही. एकदा एका नव्या जोडप्याने घरी जेवायला बोलावलं आणि नंतर सामानाच्या खर्चाची टिकी सगळ्यांना पाठवली. सगळ्यांनी तासाभरात पैसे भरले, अंगठे दाखवले, आणि त्या जोडप्याकडे पुन्हा जेवायला कोणी गेलं नाही. त्या दोघांना कारण अजून कोणी सांगितलेलं नाही. मला वाटतं सांगायला हवं होतं. डच माणसाने तोंडावर सांगितलं असतं.

मला स्वतःला जे आजही रुचत नाही ते म्हणजे पोरांच्या आइस्क्रीमची टिकी. मुलगा मित्राच्या आईबरोबर उद्यानात गेला, तिने दोघांना आइस्क्रीम दिलं, आणि मला दीड युरोची लिंक. हिशोबात चूक काही नाही. वरचं सगळं तत्त्वज्ञान लावून पाहिलं, तरी पटत नाही. मूल आहे ते. मूल तुमच्याबरोबर असेल तेवढा वेळ तुमचंच. डच लोकांतही यावर एकमत नाही, किती युरोंच्या खाली टिकी पाठवणं हलकं यावर ते आपसात तावातावाने भांडतात, तेव्हा हा माझा मराठीपणा आहे असंही म्हणता येणार नाही. मी मुलांच्या खाण्याची टिकी पाठवत नाही, आली तर निमूट भरते, आणि त्या बाईबद्दलचं माझं मत बदलत नाही असं म्हणाले तर ते खरं नसेल.

मुलं मात्र या वातावरणात पक्की होतात. २७ एप्रिलला राजाचा दिवस असतो, आणि आमच्या उट्रेख्तला त्याचा खुला बाजार आदल्या संध्याकाळी सहालाच सुरू होतो आणि रात्रभर चालतो. रस्त्याकडेला चादरी अंथरून पोरं आपली जुनी खेळणी विकतात. आमच्या चिरंजीवांनीही दुकान मांडलं. लेगोचे अर्धवट डबे, लहान झालेले स्केट्स, आजीने पाठवलेला भोवरा, जो मी गुपचूप परत घेतला. पुठ्ठ्यावर टिकीचा क्यूआर कोड चिकटवलेला, खाली स्वतःच्या अक्षरात ‘सुटे नाहीत’. एक आजोबा वाकून बराच वेळ घासाघीस करत होते. हा ढिम्म. शेवटी तो म्हणाला, ‘दोन घेतलेत तर तीन युरो, कोड इथे आहे.’ त्याच्या वयात मला दुकानदाराकडून उरलेले सुटे मागून घ्यायची लाज वाटायची. पुढे त्याने बेकरीतून घरासाठी पाव आणला आणि त्याची टिकी मला पाठवली, तेव्हा मात्र नवरा उखडला. आता घरात नियम आहे: या उंबऱ्याच्या आत टिकी नाही. मुलाला तो नियम अन्यायकारक वाटतो आणि त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. पाव सगळ्यांनी खाल्ला, म्हणतो.

उणिवा. इथल्या बँकेचं खातं होईपर्यंत तुम्ही या खेळाच्या बाहेर असता. भारतातल्या खात्यातून आयडीअलने पैसे देता येत नाहीत, आणि रोख दिली तर समोरचा ती नोट हातात धरून विचारात पडतो, कारण कित्येक कॅफेत आता रोख घेतच नाहीत. त्या मधल्या काळात सरळ सांगावं, ‘खातं झालं की देते’, आणि खरंच द्यावं. दुसरं, खोट्या टिकी. जुन्या वस्तू विकायच्या वेबसाइटवर तुम्ही सायकल विकायला काढता, गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही खरे आहात हे कळायला आधी एक सेंट भरा, आणि लिंक बँकेसारख्या दिसणाऱ्या खोट्या पानावर नेते. लोकांची खाती रिकामी झालीत यात. विकणाऱ्याने पैसे भरायचे नसतात, एवढं तर्काला धरून राहिलं तरी पुरतं. लिंकचा पत्ता टिकी डॉट मी असाच हवा, एक अक्षर इकडचं तिकडे नको.

तिसरं, साध्या टिकीत वाटा वेगवेगळा असेल तर सहसा वेगवेगळ्या लिंक काढत बसावं लागतं. मोठ्या सहलीला, चार दिवस, आठ माणसं, प्रत्येक जण काही ना काही भरतोय, अशा वेळी ‘स्प्लिट्सर’सारखं हिशोबाचं ॲप बरं. एकत्र राहणारी विद्यार्थी मंडळी ते वर्षानुवर्षं वापरतात, पूर्वी त्याचं नाव वेगळं होतं. शिवाय बहुतेक डच बँकांच्या स्वतःच्या ॲपमध्येही पैसे मागायची सोय असते, काम तेच, तरी लोक तिलाही टिकीच म्हणतात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो आइस्क्रीमचा. सहकारी, शेजारी, मुलाच्या शाळेतले पालक, सायकल क्लब, यांच्यासाठी बिनधास्त वापरा, पहिली लिंक पाठवताना हात थरथरेल, पाठवा. आपल्या माणसांत हॉलच्या भाड्यापुरती ठेवा. आणि भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे यायचे असतील तर तेवढे तीन महिने टिकीच्या नोटिफिकेशनचा आवाज बंद करून ठेवा. माझ्या सासऱ्यांनी एकदा स्क्रीनवर ‘कॉफी, २ युरो ८०’ असं वाचलं आणि संध्याकाळी शेजारच्या बाईंना पाकीट द्यायला निघाले. पाकिटात एक युरोचं नाणं वर घातलेलं होतं.